पत्र्याच्या ट्रंकेतील १६४ ब्लाऊजपीस : नकोशा कापडाच्या गोधडीचे एक प्रकरण

गेल्या वर्षी माघात वाईच्या आमच्या घराची फरशी बदलायची ठरली आणि माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका खाली उतरवाव्या लागल्या. दोन्ही सासूबाईंच्या. एकीत घडीही न मोडलेले ब्लाऊजपीस होते. दुसरीत आहेरात आलेल्या ११ साड्या, सासऱ्यांची जुनी धोतरे आणि न्यू जर्सीला राहणाऱ्या नणंदेने दोन खेपांत आणून ठेवलेले क्विल्टिंगचे, म्हणजे तिकडच्या गोधडीकामाचे, सुती कापड होते. ब्लाऊजपीस मोजले, ते १६४ भरले. सासूबाईंचे वय ८१ आहे. चैत्रगौरीची हळदीकुंकवे, डोहाळजेवणे, बारशी, मंगळागौरी आणि लग्ने यांतून जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या ओटीत हे कापड पडत गेले. त्यातले बरे ते वेळोवेळी शिवले गेले किंवा दुसऱ्या कुणाच्या ओटीत पुढे गेले, आणि जे कुणालाच आवडले नाही ते तळाशी साचत राहिले.

धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे असे की हे सगळे एका दिवसात कुणाला तरी देऊन मोकळे व्हावे. सासूबाईंना ते मान्य नव्हते. ओटीतले कापड फेकायचे नाही, आणि जे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या गळ्यात दान म्हणूनही घालायचे नाही, हे त्यांचे मत ठाम होते, आणि मला ते आजही योग्य वाटते. मी बारा वर्षे गोधड्या शिवत आहे, त्यामुळे दोन्ही ट्रंका माझ्याकडे आल्या. माघ ते वैशाख असे चार महिने हे काम चालले. कापड ‘वाईट’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात नेमके काय वाईट असते, हे मला या कामात पहिल्यांदा नीट कळले. म्हणून ही नोंद सविस्तर करीत आहे.

सासूबाईंनी सुरुवातीलाच तीन अटी घातल्या. ओटीतले कापड पायाखाली जाता कामा नये, म्हणजे त्याची पायपुसणी किंवा पोतेरी होणार नाहीत. ज्यावर ॐ, स्वस्तिक किंवा देवाचे चित्र छापले आहे ते अंथरुणात जाणार नाही. आणि ज्या घडीत चिठ्ठी आहे, त्या पिसाचा निदान एक तुकडा वरून दिसेल असा लागला पाहिजे. चिठ्ठ्या ३१ निघाल्या. कुणी, कधी, कशाला दिले एवढेच त्यांवर लिहिलेले होते, पण सासूबाईंच्या लेखी ते पुरेसे होते. जुन्या कापडाचा उपयोग सुचवणारे लोक पायपुसण्यापासूनच सुरुवात करतात, आणि आमचा तो सोपा रस्ता पहिल्याच दिवशी बंद झाला. त्याचे पुढे भलेच झाले.

सूत कोणते, हा पहिला प्रश्न

ब्लाऊजपिसांचे पहिले विभाजन मी रंगावरून केले आणि दोन दिवस वाया घालवले. गोधडीच्या दृष्टीने रंग हा नंतरचा विषय आहे. आधी सूत कोणते ते कळले पाहिजे. स्पर्शावरून बऱ्यापैकी अंदाज येतो, पण खळ भरलेले स्वस्त पॉलिएस्टर नव्या सुतीसारखे कडक लागते आणि हात फसतो. त्यामुळे प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यातून चार धागे उपसून, चिमट्यात धरून, पाण्याने भरलेल्या परातीवर जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ, करडी राख ठेवतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर काळी, कडक गुठळी होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात राख आणि गुठळी दोन्ही सापडतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण १६४ पिसांना तीन दुपारी पुरल्या.

निकाल असा लागला : ५८ शुद्ध सुती, त्यांतले २१ जुन्या चालीचे चांगले ‘टू बाय टू’ (उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांत दुपदरी सुताचे), ९७ पॉलिएस्टर किंवा मिश्र, आणि ९ खण. खणांना नकोसे म्हणणेच चूक होते, ते फक्त ट्रंकेत चुकून राहिले होते. ते बाजूला काढून सासूबाईंच्या कपाटात ठेवले. साड्यांपैकी ४ सुती आणि ७ सिंथेटिक होत्या. सुतींपैकी दोन घरात नेसायला गेल्या, दोन माझ्या वाट्याला आल्या. सिंथेटिक साड्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना दाखवल्या, त्यांनी त्यातल्या आवडल्या त्या पाच निवडल्या आणि दोन राहिल्या.

सुताला एवढे महत्त्व देण्याचे कारण साधे आहे. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के इतका सहज धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. अंगाखाली किंवा अंगावर घ्यायच्या वस्तूत हा फरक पहिल्याच रात्री जाणवतो. शिवाय पाच थर एकत्र टाचताना पॉलिएस्टर सरकते आणि हाताच्या सुईला अडते. कुरूप सुती कापडाची गोधडी उबदार होते. सुंदर पॉलिएस्टरची गोधडी मात्र घामट होते, आणि तिला नंतर काहीही करून सुधारता येत नाही.

रंग वाईट नव्हते

५८ सुती पीस पलंगावर मांडले तेव्हा ते दृश्य खरोखर डोळ्यांना नको वाटणारे होते. राणी, शेंदरी, पोपटी, मोरपंखी, हळदी पिवळा, फिरोजी, पुन्हा राणी. एकेक पीस हातात घेतले तर त्यात वाईट काही नव्हते, पण एकत्र आले की सगळे एकाच पट्टीत ओरडत होते. जाऊबाईंनी फोनमध्ये त्याचा फोटो काढला, तो मी कृष्णधवल करून पाहिला, आणि दोष एका क्षणात उघडा पडला. रंग काढून घेतल्यावर सगळा पलंग जवळजवळ एकाच करड्या छटेचा दिसत होता. गडद कापड एकही नव्हते, आणि पांढऱ्याच्या जवळ जाणारे जेमतेम तीन.

असे का झाले असावे, याचे उत्तर सासूबाईंनीच दिले. ओटीत काळे घालत नाहीत, पांढरेही घालत नाहीत. संक्रांतीला काळे चालते, पण ते लोक स्वतःसाठी घेतात. देणारी बाई सवाष्णीसाठी उठावदार, प्रसन्न रंग निवडते आणि दुकानदारही ओटीचा गठ्ठा तसाच बांधून ठेवतो. याचा अर्थ ट्रंकेतल्या कापडाची निवड पन्नास वर्षे एकाच नियमाने होत आली होती, आणि त्या नियमात गोधडीला लागणारे दोन टोकांचे रंग आपोआप गाळले गेले होते. ज्या कापडाला आपण कुरूप म्हणत होतो ते एकटेच होते. त्याला शेजार मिळाला नव्हता. जुन्या गोधड्या बघाव्यात. त्यांत भडक रंग भरपूर असतात, पण ते काळ्या चंद्रकळेच्या, इरकलीच्या गडद काठाच्या किंवा धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या धोतराच्या शेजारी बसवलेले असतात, म्हणून ते डोळ्याला सुखावतात.

उजेडाची बाजू सोपी होती. सासऱ्यांची धोतरे ट्रंकेत होतीच, आणि ती इतकी मऊ झाली होती की त्यांचा पांढरा रंग सायीसारखा वाटत होता. अंधाराची बाजू तयार करावी लागली.

हिरडा आणि हिराकस

काळे कापड विकत आणणे शक्य होते. पण नकोसे कापड संपवायला नवे कापड आणायचे, हे मला पटेना. रंगवण्याचा नियम असा की असलेल्या रंगावर दुसरा रंग चढवला तर दोन्ही मिळून तिसरा, अधिक गडद रंग होतो. फिका कधीच होत नाही. आम्हाला नेमके तेच हवे होते. बाजारातले सुतीसाठीचे रंग वापरता आले असते, पण सह्याद्रीत हिरडा मुबलक आणि तो वापरण्याची रीत माहितीची. हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुती धाग्याला चांगले धरते आणि त्यावर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडला की करड्यापासून काळ्यापर्यंत रंग येतो. काळी शाई बनवण्याची जुनी रीत याच क्रियेवर आधारलेली होती.

जे १४ पीस सर्वांत भडक होते ते घेतले. त्यांचे कोरडे वजन सुमारे सव्वा किलो भरले. आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर ठेवून खळ काढली, कारण खळ राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. नंतर २०० ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड रात्रभर बुडवले आणि सकाळी पिळून सावलीत वाळवले. या टप्प्यावर सगळ्यांवर एक पिवळसर झाक आली. मग स्वतंत्र बादलीत ३५ ग्रॅम हिराकस विरघळवून त्यात एकेक पीस पाच-सात मिनिटे हलवत ठेवले आणि लगेच भरपूर पाण्यात धुतले. हातमोजे घातले होते, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात जाणार नाहीत अशी आधीच वेगळी काढली होती.

राणी रंग पिकल्या जांभळाचा झाला. पोपटी शेवाळासारखा उतरला. शेंदरी विटकरी-तपकिरी झाला, आणि हळदी पिवळ्यातून जो शेणकाल्यासारखा हिरवट रंग निघाला तो संपूर्ण गोधडीतला माझा सर्वांत आवडता रंग ठरला. सगळ्यांवर मूळ रंगाची थोडी आठवण राहिली, त्यामुळे ते उरलेल्या भडक पिसांचे नातेवाईक वाटतात; विकतच्या काळ्याला हे साधले नसते.

एक पीस माझ्या चुकीने गेले. दारात कुणी आले म्हणून मी उठले आणि ते हिराकसच्या पाण्यात दुपारपर्यंत राहिले. त्याचा रंग सुंदर काळा आला, पण लोखंड जास्त झाले की सूत कमजोर होते. वाळल्यावर काठाला ताण दिला तर ते जुन्या कागदासारखे टर्रकन फाटले. म्हणून हिराकस कापडाच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि वेळ मिनिटांत मोजावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आक्कांचा मुद्दा

हाताच्या शिवणाला मदत म्हणून जवळच्या गावातल्या एक आक्का मजुरीवर येत होत्या. त्यांच्या तोंडी गोधडी नाही, वाकळ. माझा सुतीचा आग्रह त्यांना चमत्कारिक वाटला. त्यांच्या घरच्या सगळ्या वाकळा आता पॉलिएस्टरच्या साड्यांच्या आहेत. त्या म्हणाल्या, “वहिनी, आता लुगडं कुठं ऱ्हायलंय? जे अंगावर असतं तेच वाकळंत जातं.” हे अगदी खरे आहे. गोधडी ही वापरून झालेल्या कापडाची वस्तू असल्याने बायकांच्या अंगावरचे कापड बदलले की तीही बदलणारच. शिवाय त्या साड्यांचा रंग टिकतो, धुतलेली वाकळ पावसाळ्यातही लवकर वाळते, आणि आत सुती थर असेल तर घामही कमी जाणवतो, असा त्यांचा अनुभव होता.

म्हणून वाद न घालता एकेक फूट लांबीरुंदीचे दोन नमुने टाचले. दोन्हींत आत सुती ब्लाऊजपिसाचे तीन थर घातले. एकावर सुती, दुसऱ्यावर पॉलिएस्टर. दोन्ही गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. सुतीचा नमुना थोडा लहान झाला पण सपाट राहिला. पॉलिएस्टरच्या नमुन्यावर फुगे आले, कारण आतले नवे सुती कापड आटले आणि वरचे तसूभरही आटले नाही. आक्कांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कारण त्यांनीच सांगितले : त्यांच्या वाकळेत जुने, शंभर वेळा धुतलेले कापड असते, त्याचे आटणे केव्हाच संपलेले असते. माझ्या ट्रंकेतले कापड जुने असले तरी कोरे होते. वय पन्नास वर्षांचे, पण पाणी एकदाही न लागलेले. गोधडीचे सगळे परंपरागत ज्ञान वापरलेल्या कापडाविषयी आहे, आणि आमच्यापुढे न वापरलेल्या कापडाचा प्रश्न होता, हा फरक त्या दोन नमुन्यांनी शिकवला. त्या दिवसापासून प्रत्येक सुती पीस कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतले.

कापड संपते ते आतल्या थरांत

ठिगळे जोडून वरचा थर केला की ट्रंक रिकामी होईल, असा घरात सर्वांचा समज होता. हिशोब निराळा निघाला. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटीमीटर लांब अशा गोधडीच्या एका थराला सव्वातीन चौरस मीटरला थोडे कमी कापड लागते. आमच्या सरासरी ब्लाऊजपिसाचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरहून किंचित कमी होते. म्हणजे वरच्या थरात पन्नास रंग दिसले तरी प्रत्यक्षात पाच-सहा पिसांएवढेच कापड खर्ची पडते. पण गोधडी पाच थरांची करायची तर साडेपंधरा-सोळा चौरस मीटर लागते. खरा खप आत आहे.

त्यामुळे जे रंगाने कुठेच बसत नव्हते, ज्यांच्यावर छपाई उठली होती, ज्यांच्या घडीवर कायमचा पिवळा डाग होता, असे पीस कापलेच नाहीत. पाच-पाच सरळ मशीनवर जोडून त्यांचे आतले आणि खालचे थर केले. प्रत्येक गोधडीत एकेक सुती साडी दुहेरी घडी घालून बसवली, कारण साडेपाच मीटरच्या साडीत एका गोधडीचे बरोबर दोन थर निघतात. कापड कुरूप असेल तर त्याचे तुकडे करून, सजवून, काहीतरी कलाकुसर केलीच पाहिजे, असा एक ताण शिवणाऱ्या बाईवर येतो. तो अनावश्यक आहे. आतल्या थरात गेलेले कापडही पूर्ण किमतीने कामी येते, ते ऊब देते.

एकच काळजी घ्यावी लागते : फिक्या वरच्या थराखाली गडद कापड घातले तर त्याची सावली वर दिसते. धोतराच्या पांढऱ्या पट्ट्यांखाली आम्ही दुसरे धोतरच घातले.

वरचा थर रचताना आक्कांनी ठिगळे आधी जोडून घ्यायला नकार दिला. त्यांनी खालचे थर जमिनीवर पसरले, कडेपासून सुरुवात केली आणि एकेक तुकडा काठ दुमडून बसवत, तिथल्या तिथे धावदोरा घालत आतल्या दिशेने फिरत गेल्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपली ‘कवंडी’, म्हणजे गोधडीच, अशाच रीतीने कडेकडून मध्याकडे शिवत नेतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे ‘फुला’ लावतात. वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी ही पद्धत मोजून कापलेल्या चौकोनांपेक्षा कितीतरी बरी. तुकडा जेवढा आहे तेवढा लागतो, वाया काही जात नाही, आणि पुढचा रंग कोणता घ्यायचा हे शेजारचा लागल्यावर ठरवता येते. धावदोऱ्याच्या ओळींत एक बोट अंतर होते. पहिल्या गोधडीला २६ दुपारी लागल्या, रोज सुमारे ३ तास, म्हणजे एकूण ७८ तास. जाऊबाई अधूनमधून येऊन सुईत दोरा ओवून देत, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतः चार ओळी घातल्या.

भोपळे आणि नाताळची झाडे

नणंदेचे कापड ही वेगळीच गोष्ट होती. ती तिकडे क्विल्ट शिवणाऱ्या मैत्रिणींच्या गटात आहे. क्विल्टिंगचे सुती कापड तिथे १८ इंच बाय २२ इंचांच्या तुकड्यांतही विकतात, आणि हौसेने जमवलेल्या साठ्याला सगळ्या जणी ‘स्टॅश’ म्हणतात. सणावाराच्या छापाचे कापड सण सरला की कुणालाच नको असते. असे ३८ तुकडे तिने आणले होते : हॅलोविनचे हाताच्या पंज्याएवढे भोपळे, नाताळची झाडे, हिममानव, मक्याची कणसे. कापड पहिल्या प्रतीचे, घट्ट विणीचे, शुद्ध सुती. दोष फक्त चित्राचा. वाईच्या घरात अंथरुणावर हिममानव का, याला काही उत्तर नव्हते.

यावर उपाय मापाचा होता. छाप आठ सेंटीमीटरचा असेल आणि पट्टी पाच सेंटीमीटरची कापली, तर भोपळा भोपळा राहत नाही; काळ्या जमिनीवर केशरी लाटा उरतात. नाताळच्या झाडांतून गडद हिरवे त्रिकोण निघाले, ते आम्हाला हव्या असलेल्या अंधाऱ्या रंगांत चपखल बसले. हॅलोविनच्या कापडाची काळी जमीन तर आयतीच मिळाली. मोठ्या छापाचे कापड आवडत नसेल तर ते छापापेक्षा लहान कापावे, आणि अगदी बारीक, भुरकट छापाचे कापड कंटाळवाणे वाटत असेल तर उलट मोठे ठेवावे, कारण ते दोन भडक रंगांच्या मधे विसाव्याची जागा होते. काहींना उलट्या बाजूनेही लावले. छापील सुतीची मागची बाजू बहुधा फिकी असते आणि तीच अनेकदा अधिक शांत दिसते. ३८ पैकी ३१ तुकडे गोधड्यांत गेले. हिममानवांचे सात तुकडे कसेही कापले तरी डोळे दाखवत राहिले. ते परत नणंदेकडे पाठवले. तिच्या शेजारच्या लहान मुलाला ते फार आवडले असे तिने कळवले.

सिंथेटिकचे काय केले

९७ पॉलिएस्टर आणि मिश्र पीस गोधडीत गेले नाहीत. त्यांच्यासाठी मी नियम असा ठेवला की जिथे घाम शोषायचा नाही, इस्त्री लागत नाही आणि लवकर वाळणे उपयोगाचे आहे, तिथेच ते वापरायचे. ४८ पिसांच्या ३६ दुहेरी बाजारपिशव्या झाल्या. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून प्रत्येक घरात कापडी पिशवी लागतेच, आणि भाजीच्या चिखलाने भरलेली पॉलिएस्टरची पिशवी धुतल्यावर अर्ध्या तासात वाळते. २२ चकचकीत सॅटिनचे पीस गावातल्या एका शाळेने स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्याच्या पोशाखांसाठी आनंदाने मागून नेले. रंगमंचाच्या उजेडात तेच रंग हवे असतात. ॐ आणि स्वस्तिकाची छपाई असलेले ५ पीस पोथ्या बांधायचे रुमाल झाले. १२ पिसांची साड्यांची कव्हरे झाली. उरलेल्या १० पिसांच्या कडा उसवल्या होत्या. ते आणि राहिलेल्या दोन साड्या, सगळे कातरण बारीक करून एका लोडात भरले. लोड जड झाला, पण पाठीला घट्ट आधार देतो.

सुती ५८ पिसांचा हिशोब असा : पहिल्या गोधडीत १७, दुसरीत १९, घरातल्या येऊ घातलेल्या बाळासाठी चार दुपट्यांत ७. आठ पीस धुऊन इस्त्री केल्यावर इतके चांगले दिसले की जाऊबाईंनी आणि त्यांच्या लेकींनी ब्लाऊजसाठी मागून घेतले. एक हिराकसने खाल्ले. सहा पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवले.

या सगळ्या कामात खर्च झाला तो दोरा, सुया, हिरडा, हिराकस आणि मुख्यतः आक्कांची मजुरी. कापड फुकट होते म्हणून गोधडी स्वस्त पडली, असे कुणी म्हणू नये. ७८ तासांचे हाताचे काम हीच तिची किंमत आहे, आणि म्हणूनच हात लावण्याआधी सूत तपासणे आवश्यक आहे. कमकुवत किंवा घामट कापडावर एवढे तास घालवणे हा शिवणाऱ्या बाईवर अन्याय आहे.

मावशींच्या चिठ्ठीचा पीस

चिठ्ठ्यांच्या ३१ पिसांपैकी सुती १३ होते आणि ते सगळे वरच्या थरात आले. सिंथेटिकमधल्या १८ पिसांचा एकेक तुकडा पिशव्यांच्या बाहेरच्या खिशावर लावला. त्या अठरा पिशव्या सासूबाईंनी स्वतःकडे ठेवल्या. सुतींपैकी एक कुंकवाच्या रंगाचा होता. त्याची चिठ्ठी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीच्या हातची होती. मावशी जाऊन नऊ वर्षे झाली. बाकी प्रत्येक सुती पिसाचा रंग जातो का, हे मी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहिले होते. हा एकच पीस सासूबाईंनी शेवटपर्यंत घडी मोडू दिला नाही, आणि दिला तेव्हा त्यांच्यासमोर तो पाण्यात घालण्याचे माझ्या जिवावर आले. मी तो तसाच कापला आणि गोधडीच्या एका टोकाकडे, धोतराच्या पांढऱ्या चौकोनांत बसवला.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला गोधडीची पहिली धुलाई झाली आणि तो उतरला. भोवतीचे चारही पांढरे चौकोन गुलाबी झाले. मीठ किंवा तुरटी घातली की असा रंग थांबतो, असे पुष्कळ जण सांगतात. आजच्या रंगांच्या बाबतीत त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. उपाय एकच असतो : कापड वाळू द्यायचे नाही आणि भरपूर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खंगाळायचे. अंगणातल्या हौदावर आक्का आणि मी सात पाणी काढली. सातव्या पाण्यात रंग येईनासा झाला, तरी दोन चौकोनांच्या काठांवर फिकी गुलाबी झाक राहिलीच.

ते दोन चौकोन उसवून नवे लावण्याइतके धोतर शिल्लक होते. मी तसे सुचवलेही. सासूबाईंनी चष्मा लावून तो भाग पाहिला, बोटाने गुलाबी कड चाचपली, आणि राहू दे म्हणाल्या. आता ती गोधडी त्यांच्या पलंगावर असते आणि कुंकवाचा चौकोन उशाकडे येईल अशी त्या घालतात. दुरुस्तीसाठी ठेवलेले सहा पीस, तीनदा धुऊन, तिच्याच गाठोड्यात बांधून ठेवले आहेत.